लग्नानंतरचा पहिला नाताळ श्टुटगार्टमध्ये : सण नेमका कोणाच्या पद्धतीने करायचा?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी लिहिले आहे ते थोडक्यात असे. त्या वसईच्या, कॅथलिक घरातल्या. त्यांचे यजमान अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर), चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, म्हणजे प्रोटेस्टंट मंडळीतले. लग्न मे महिन्यात झाले, पावसाळा संपता संपता दोघे नोकरीनिमित्त जर्मनीत श्टुटगार्टला आले आणि ताईंच्या निवास परवान्याची भेट जानेवारीत असल्यामुळे डिसेंबरात भारतात येणे शक्य नाही. दोन्हीकडच्या आया फोनवर डोळ्यांत पाणी आणतात. यजमान म्हणतात, ‘‘एका दिवसाचा तर प्रश्न आहे, मी २४ तारखेला कामावर जातो, दिवस निघून जाईल.’’ ताईंना हे वाक्य फार लागले आहे. हा दिवस भकास जाऊ नये म्हणून काय करावे आणि नवऱ्याला आपले दुःख कळतच नाही याचे काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

विवाहपूर्व मार्गदर्शन आणि नवविवाहितांचे समुपदेशन हे माझे अनेक वर्षांचे काम आहे आणि परदेशी गेलेल्या जोडप्यांशी अलीकडे बहुतेक बोलणे पडद्यावरूनच होते. नोव्हेंबर संपत आला की हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपात माझ्याकडे येतोच. त्या अनुभवावरून सांगते, ताई, तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. घरची आठवण हा पहिला, आणि त्यावर पूर्ण इलाज नाही, ती येणारच. दुसरा प्रश्न असा की आजवर तुम्ही दोघांनी नाताळ स्वतः कधी ‘केलेला’च नाही. केकसाठीचा सुका मेवा आईने भिजत घातला, तारा वडिलांनी टांगला, गव्हाणी (येशूजन्माचा देखावा) भावंडांनी उभारली, मिस्सेची (कॅथलिक उपासनेची) वेळ धर्मग्रामाने (स्थानिक चर्चने) ठरवली आणि तुम्ही त्यात वाढलात. तिकडे नगरलाही असेच झाले. आता घरात माणसे दोन, सण एक, आणि त्या सणाबद्दलच्या कल्पना दोन घरांच्या आहेत. त्या कल्पना तुम्ही एकमेकांसमोर कधी मांडल्या आहेत का, हे पत्रावरून मला दिसत नाही.

यजमानांच्या त्या वाक्याकडे या नजरेने पाहा. वसईच्या कॅथलिक घरात सणाचा सारा भार २४ च्या रात्रीवर असतो. नवे कपडे, रात्रीची मिस्सा, बाळ येशूच्या मूर्तीचे दर्शन, परतल्यावर केक, आणि दुसऱ्या दिवशी इंद्यालाचा (मांसाच्या आंबट-तिखट रश्शाचा) बेत. नगरकडच्या बऱ्याच मराठी प्रोटेस्टंट घरांत २४ तारीख ही तयारीची, कॅरलच्या (नाताळगीतांच्या) फेऱ्यांनी घसे बसल्याची तारीख असते. खरा सण २५ च्या सकाळच्या उपासनेला उजाडतो, आणि मग दिवसभर करंज्या-चकल्यांची ताटे शेजारीपाजारी, सर्व धर्मांच्या घरी फिरत राहतात. म्हणजे २४ ला कामावर जातो म्हणणारा माणूस स्वतःच्या हिशेबाने सण टाळत नसून सणाच्या आदल्या दिवशी कामावर जात असावा. त्याला तुमचे दुःख कळत नाही असे मानण्याआधी तुमची २४ ची रात्र त्याला ठाऊक आहे का, ते विचारा. माझा अंदाज चुकीचाही असेल; काही पुरुष दुःख झाकण्यासाठीच कामाचा आडोसा घेतात. पण विचारल्याशिवाय दोन्हींतला फरक समजणार नाही.

पुढे जे लिहिते आहे ते परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच सांगते. घरी कोणी गंभीर आजारी असेल, वर्षभरात कोणी गेले असेल, तुम्ही गरोदर असाल, किंवा दोघांपैकी एकाला तिथे नोकरी नसून दिवसभर एकट्याने घरात बसावे लागत असेल, तर प्रत्येक बाबतीत सल्ला थोडा बदलतो. शिवाय परवान्याचे काम अर्धवट असताना देशाबाहेर पडण्याचा विचार परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला विचारल्याशिवाय करू नये आणि केवळ अपराधी वाटते म्हणून डिसेंबरच्या भावाची तिकिटे कर्जाने काढू नयेत, एवढे मात्र मी कोणालाही सांगेन.

पहिले काम कागदाचे. एका रविवारी, शक्यतो आगमनकाळ (नाताळआधीच्या चार रविवारांचा काळ) सुरू होताच, दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून लिहा : कोणती गोष्ट नसेल तर मला तो दिवस नाताळ वाटणार नाही? ‘घरची माणसे’ हे उत्तर बाद, कारण ते दोघांचेही असणार आहे आणि त्यावर यंदा काही करता येणार नाही. लोकांना वाटते यादी लांबलचक होईल. प्रत्यक्षात ती तीन-चार गोष्टींवर थांबते, आणि त्या बहुधा सोबत नेण्याजोग्या निघतात. कॅनडात राहणाऱ्या, मूळच्या जालन्याच्या एका तरुणाने फक्त ‘इस्त्रीचा वास’ एवढेच लिहिले होते. त्याच्या घरी उपासनेला निघण्यापूर्वी जमिनीवर चादर अंथरून वडील सगळ्यांचे कपडे ओळीने इस्त्री करत. त्याच्या बायकोला हे लग्नाआधी कधी कळले नव्हते. त्या वर्षी, वरून जाड कोट चढवायचा असूनही, त्याने सकाळी उठून दोघांचे कपडे चादरीवर इस्त्री केले. यात खर्च शून्य होता, पण हे त्याला स्वतःला आठवायला आणि तिला कळायला तो कागद लागला.

याद्या समोरासमोर ठेवल्या की मग जर्मनीचे वेळापत्रक शेजारी घ्या, कारण ते तुमच्या सणाला वळण लावणार आहे. तिथे आगमनकाळातल्या चार रविवारी हिरव्या फांद्यांच्या कड्यावरची एकेक मेणबत्ती पेटवतात, ६ डिसेंबरला संत निकोलसचा दिवस पाळतात, आणि गावोगावचे नाताळचे बाजार महिनाभर गजबजलेले असतात. नवख्या माणसाला वाटते की २४-२५ ला हा उत्साह शिगेला पोहोचेल. होते उलट. बहुतेक बाजार २३ किंवा २४ तारखेलाच गुंडाळले जातात, २४ ला दुकाने दुपारी दोनच्या सुमाराला बंद होतात, २५ आणि २६ या दोन्ही दिवशी सार्वजनिक सुट्टी असते आणि लगेच रविवार आला तर किराणा आणखी एक दिवस मिळत नाही. मोठ्या रेल्वे स्थानकांतली काही दुकाने आणि पेट्रोल पंप तेवढे उघडे राहतात. साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, रस्ते ओस पडतात, जो तो आपापल्या घरात असतो. आपल्याकडे सणाच्या संध्याकाळी माणसे घराबाहेर पडतात, तिथे आत जातात. पहिल्या वर्षी माझ्याकडे आलेली जोडपी ज्या वेळेबद्दल सांगतात ती २५ तारीख क्वचितच असते; २४ ची संध्याकाळी पाच ते रात्री नऊ ही वेळ त्यांना जड गेलेली असते. तेव्हा नियोजन करायचे ते या चार तासांचे. बाकीचा सण आपोआप निभावतो.

त्यात वेळेच्या फरकाची भर आहे. हिवाळ्यात जर्मनी भारताच्या साडेचार तास मागे असते. वसईत मध्यरात्रीचे बारा वाजतात तेव्हा श्टुटगार्टमध्ये संध्याकाळचे साडेसात झालेले असतात, म्हणजे घरचा सणाचा क्षण नेमका तुमच्या सर्वांत रिकाम्या वेळेत येतो. तुमची रात्रीची मिस्सा दहा-अकराला सुरू होईल तेव्हा घरी पहाट होत आलेली असेल आणि सगळे झोपलेले असतील. तुम्ही २५ ला सकाळी सातला उठाल तेव्हा तिकडे साडेअकरा वाजलेले, घर पाहुण्यांनी भरलेले, आणि आईला फोन घ्यायला फुरसत नसेल. त्या घाईत ती ‘‘बरं बरं, नंतर बोलते’’ म्हणेल आणि तुम्हाला ते दिवसभर खुपत राहील.

म्हणून फोनच्या वेळा आधी ठरवून दोन्ही घरांना कळवाव्यात. माझी शिफारस अशी की वसईला २४ ला तुमच्या दुपारी चारच्या आसपास बोलावे. तिकडे साडेआठ झालेले असतात, मंडळी मिस्सेसाठी तयार होत असतात, कोणाची पिन सापडत नसते, कोणी आरशासमोरून हटत नसते, आणि त्या गडबडीत तुम्हाला दहा मिनिटे सामील होता येते. नगरला २५ ला तुमच्या सकाळी आठला बोलावे, म्हणजे तिकडे साडेबारा होतात, उपासना आटोपून मंडळी घरी आलेली असतात. निवांत, लांबचे बोलणे २५ च्या तुमच्या दुपारी, दोन्हीकडचे पाहुणे पांगल्यावर. या व्यवस्थेत कोणाला आधी फोन केला हा वाद उरत नाही, कारण प्रत्येक घराला त्याच्या सणाच्या वेळी फोन जातो. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा : व्हिडिओ सुरू करून फोन कपाटाला टेकवून तासन्‌तास ठेवणे. असे करणारी जोडपी मी पाहिली आहेत. तिकडे लोक जेवतात, हसतात, पडद्यासमोरून ये-जा करतात, आणि इकडे दोघे सोफ्यावर बसून दुसऱ्यांचा सण बघतात. एकमेकांशी बोलायचे राहूनच जाते.

आता चर्चचे. तुम्ही कॅथलिक आहात, त्यामुळे नाताळची मिस्सा तुमच्यासाठी ऐच्छिक नाही. यजमानांसाठीही उपासना असणारच. श्टुटगार्टमध्ये ही गोष्ट सोपी आहे. संत एबरहार्डचे कॅथलिक कॅथेड्रल कोनिगश्ट्रासे या मध्यवर्ती रस्त्यावरच आहे आणि प्रोटेस्टंटांचे जुने श्टिफ्ट्सकिर्शे तिथून चालत काही मिनिटांवर. २४ ला दुपारपासून चर्चमध्ये मुलांची गव्हाणीची नाटुकली आणि संध्याकाळच्या उपासना असतात, रात्री उशिरा मिस्सा. म्हणजे संध्याकाळची प्रोटेस्टंट उपासना आणि रात्रीची कॅथलिक मिस्सा, दोन्ही एकाच दिवशी दोघांनी मिळून करता येतात, आणि ते चार जड तास बरेचसे भरून निघतात. नेमक्या वेळा त्या त्या चर्चच्या फलकावर आणि संकेतस्थळावर आगमनकाळात लागतात. गर्दी होते, अर्धा तास आधी जावे. संध्याकाळनंतर गाड्यांच्या फेऱ्या कमी होतात, तेव्हा रात्री परत कसे येणार तेही पाहून ठेवा.

मिश्र मंडळींच्या जोडप्यांत एक लहानसा प्रसंग हमखास येतो, तो आधी बोलून घ्यावा. मिस्सेत परमप्रसादाच्या (पवित्र भाकरी घेण्याच्या) वेळी तुम्ही रांगेत जाल आणि यजमान, तो प्रसाद सहसा कॅथलिकांनाच दिला जात असल्यामुळे, बाकावर बसून राहतील. एरवीच्या रविवारी याचे काही वाटत नाही. पण घरापासून दूर, पहिल्या नाताळच्या रात्री, शेजारची जागा रिकामी झालेली दोघांनाही जाणवते. काही धर्मगुरू हात छातीवर दुमडून आलेल्याला आशीर्वाद देतात. तसे करायचे की बसून राहायचे हे यजमानांना ठरवू द्या, आणि ते जे ठरवतील त्यावर त्या रात्री चर्चा नको.

जर्मन भाषा अजून कानावर बसली नसेल तर मिस्सेचा क्रम ओळखीचा असूनही परके वाटेल. मोठ्या शहरांत इंग्रजी मिस्सा असतात, तसेच जर्मनीत मल्याळी कॅथलिकांचा समाज जुना आहे. १९६० च्या दशकापासून चर्चच्या पुढाकाराने केरळच्या मुली परिचारिका म्हणून तिथे गेल्या आणि त्यांची आता तिसरी पिढी वाढते आहे. मराठी मिस्सा मिळणार नाही, पण चर्चच्या दारात ‘‘कधी आलात, जेवलात का’’ विचारणारे माणूस त्यांच्यात नक्की भेटेल. हे नाताळच्या रात्री शोधू नका. आगमनकाळातल्या एखाद्या रविवारीच जाऊन या, म्हणजे २४ ला दोन चेहरे ओळखीचे असतील.

खाण्याबाबत माझे मत ठाम आहे : घरचे सगळे पदार्थ करायला जाऊ नका. वसईचे दहा आणि नगरचे आठ असा घाट घातला तर आठवडाभर दमणूक होते आणि शेवटी तुलना उरते. प्रत्येक घरचा एकेक पदार्थ पुरे, आणि तो दोघांनी मिळून करायचा. कलकल हा नाताळचा तळलेला गोड पदार्थ यासाठी चांगला आहे, कारण त्याला हातच लागतात. जर्मनीत ‘टाइप ४०५’ लिहिलेले पीठ आपल्या मैद्याच्या जवळ जाते. नारळाचे दूध आणि रवा आशियाई दुकानात मिळतो. सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत पुढे सारायची आणि तिची गुंडाळी झाली की तेलात सोडायची. पहिल्या वीस-पंचवीस फसतात, चपट्या होतात, एकमेकींना चिकटतात. नगरच्या मुलाने करंज्यांना मुरड घातलेली असेल, तर त्याचा हात याला लवकर बसेल. हे काम २३ च्या रात्री ठेवा. आणि मटण किंवा डुक्कर जे काही लागेल ते २३ ला आणून ठेवा, २४ ला सकाळी दुकानातली रांग पाहून माणूस रडकुंडीला येतो.

घरून फराळाचे पार्सल मागवणार असाल तर दोन नियम आईला आधी सांगा. युरोपीय संघाबाहेरून टपालाने दूध आणि मांसाचे पदार्थ पाठवता येत नाहीत, म्हणजे खव्याचे काही नको, सुके बोंबील वगैरेही टाळलेले बरे. आणि खासगी भेटवस्तू ४५ युरोपर्यंतच्या किमतीची असेल तर आयात शुल्क लागत नाही. किंमत आणि आतल्या वस्तू अर्जावर खऱ्या लिहाव्यात. बाटली मसाल्याची (वसईकडच्या ख्रिस्ती घरांतल्या मिश्र मसाल्याची) नीट बंद केलेली पिशवी, शंकरपाळे, चकल्या, आणि आईच्या हातची चिठ्ठी, एवढे पुष्कळ झाले.

आयांच्या रडण्याबद्दल. आपल्याकडच्या अनेक ख्रिस्ती घरांत पहिल्या नाताळला दिवाळसणासारखाच मान असतो. नगरच्या सासूबाईंना सुनेचा पहिला सण करायचा होता, वसईच्या आईला जावयाचा मान करायचा होता, आणि दोघींचीही हौस राहिली आहे. त्यांना ‘‘रडू नका’’ म्हणून काही होत नाही. त्यांना काम द्या. दोघींकडून एकेका पदार्थाची कृती फोनवर सविस्तर मागवा, करताना मध्येच ‘‘पीठ सैल झालंय, काय करू’’ म्हणून विचारा. ज्या बाईला सण हातातून निसटल्यासारखे वाटते आहे तिला हा प्रश्न फार मोलाचा असतो. आणि पहिल्या सणाचा मान रद्द झाला नसून पुढच्या भेटीवर गेला आहे, हे स्पष्ट शब्दांत सांगा : ‘‘आई, साडी तुम्ही घेऊन ठेवा, मी आल्यावर तुमच्याच हातून घेईन.’’

इथे एक नियम मी सगळ्याच जोडप्यांना घालून देते. निर्णय दोघांचा, पण आपापल्या आईवडिलांना तो ज्याने त्याने सांगायचा. नगरच्या घरी यजमानांनी बोलायचे, ‘‘आई, यंदा आम्ही इथंच नाताळ करतोय, दोघांनी मिळून ठरवलंय.’’ वसईला तुम्ही. ‘तिला जमत नाही म्हणून’, ‘त्याला सुट्टी नाही म्हणून’ अशी जोडीदाराच्या नावावर टाकलेली कारणे त्या दिवसापुरती सोयीची असतात, पण सासरच्या मनात ती वर्षानुवर्षे राहतात.

पाहुण्यांबद्दल मते वेगळी असू शकतात. अनेकजण म्हणतील की म्युनिक किंवा फ्रँकफर्टच्या मित्रांकडे जा, गर्दीत मन रमेल. तुमचा स्वभाव तसा असेल तर जा. माझ्या अनुभवात पहिल्या वर्षीची २४ ची रात्र मोठ्या गोतावळ्यात घालवलेली जोडपी परतताना गाडीत भांडतात, कारण दिवसभर हसऱ्या चेहऱ्यामागे दाबलेले सगळे तेव्हा बाहेर येते. त्यापेक्षा २६ ची सुट्टी पाहुण्यांसाठी ठेवा. त्या दिवशी वसतिगृहात अडकलेला एखादा भारतीय विद्यार्थी, किंवा शेजारची एकटी राहणारी आजी जेवायला बोलवा. नगरच्या घरची ताट फिरवण्याची रीतही त्यातून पाळली जाईल. शेजाऱ्यांना कलकलाची पिशवी द्यायची असेल तर मात्र २३ लाच द्या, २४ च्या संध्याकाळी तिथे कोणी कोणाची घंटी वाजवत नाही.

एक सूचना गांभीर्याने घ्यावी. सणाच्या आठवड्यात रडू येणे स्वाभाविक आहे. परंतु रडणे, झोप उडणे, जेवण न जाणे, कशातच रस न वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज चालू असेल, तर तो नाताळचा प्रश्न राहत नाही. काळोखाचे दिवस, नवी भाषा आणि एकटेपणा एकत्र आले की असे होऊ शकते. अशा वेळी जानेवारीची वाट न पाहता तिथल्या कौटुंबिक डॉक्टरांची वेळ घ्या. जर्मन विम्यात ते बसते, आणि सुट्ट्यांत दवाखाने बंद असतात म्हणून डिसेंबरच्या मध्यापूर्वीच घ्या.

राहिला यजमानांच्या कामाचा मुद्दा. जर्मनीत २४ डिसेंबर ही कायद्याने सुट्टी नाही. काही कंपन्या अर्धा दिवस सोडतात, काही ठिकाणी रजा टाकावी लागते, आणि त्या दिवसाच्या रजा सहकारी आधीच अडवून ठेवतात. म्हणून तुमच्या याद्या वाचून झाल्या की त्याच रविवारी यजमानांनी आपला करार पाहावा आणि सोमवारी वरिष्ठांना विचारावे. पूर्ण दिवस मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर दुपारपर्यंत काम करून त्यांनी दोन वाजेपर्यंत घरी यावे, चारच्या वसईच्या फोनला तुमच्या शेजारी बसावे, आणि सासूबाईंना ‘‘नाताळच्या शुभेच्छा’’ त्यांनी स्वतःहून आधी द्याव्यात.